घाणेरीची गाठ मातीखाली असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की डोंगरांवर दोन कामांची लगबग सुरू होते, खड्डे काढायची आणि झुडपे साफ करायची. खड्ड्यांवर दरवर्षी पुष्कळ लिहून येते. झुडपांबद्दल लिहायचे कारण असे की, सातारा-सांगलीच्या राखीव वनांत, गायरानांत आणि किल्ल्यांच्या उतारांवर घाणेरी (कुणी टणटणी म्हणतात, इंग्रजीत लँटाना) हे परके काटेरी झुडूप ज्या रीतीने तोडले जाते, त्या रीतीने ते कमी होत नाही. उलट माजते.

कोयत्याने गुडघाभर उंचीवर छाटलेल्या घाणेरीला दोन पावसांत झुबक्याने फुटवे येतात. तासगावच्या कोणत्याही द्राक्षबागायतदाराला एप्रिलची खरड छाटणी कशासाठी करतात ते विचारा, नव्या जोमदार फुटव्यांसाठी. श्रमदानात आपण घाणेरीची नेमकी तीच सेवा करतो. छाटलेल्या फांद्या ओल्या जमिनीवर टाकून गेलो तर त्यांनाही पेरापेराला मुळ्या सुटतात आणि एका जाळीच्या चार होतात. जेसीबीने काम झटपट दिसते, पण बकेटच्या दातांनी मूळ कुठेही तुटते, वरची वीतभर माती उलथीपालथी होते आणि त्या मोकळ्या मातीत सगळ्यांत आधी गाजरगवत उगवते. वणव्याचे तर बोलायलाच नको. आगीत गवताचे बी आणि करवंदाची कोवळी रोपे जातात. घाणेरी बुडातून पुन्हा फुटते आणि तिला स्पर्धकच उरत नाही.

खोड संपून मूळ सुरू होते तिथे घाणेरीला एक जाड, खडबडीत गाठ असते. सगळे फुटवे तिथूनच येतात. ती तुटून वर आली पाहिजे. त्यासाठी बुडाशी खुरप्याने माती सारावी. वर तपकिरी साल, खाली फिकट पिवळसर मूळ आणि मधे गाठ, हे उघड्या डोळ्यांना दिसते. गाठीच्या खाली, साधारण ३ ते ५ सेंटिमीटरवर, कुदळीच्या पात्याने मुख्य मूळ तोडावे. मोजायचे ते गाठीपासून, जमिनीच्या पातळीपासून नव्हे. धूप झालेल्या उतारावर गाठ उघडी पडलेली असते, तर ओढ्याकाठी गाळात दबून खोल गेलेली असते. एकाने तोडायचे आणि दोघांनी बेचकीच्या काठ्यांनी जाळी उचलून धरायची, म्हणजे काट्यांत हात घालावा लागत नाही. निघालेली जाळी तिथेच उलटी ठेवायची, मुळे आभाळाकडे आणि शेंडे खाली. सरळ ठेवली तर पहिल्याच झडीत ती पुन्हा जीव धरते. सरपणाला नेणार असाल तर फळांचे घोस तिथेच काढून टाका. नाहीतर डोंगरापासून चुलीपर्यंतच्या सगळ्या वाटेवर पेरणी होते.

खाली पूर्ण मूळ खणत बसायची गरज नाही. गाठ गेली की उरलेले मूळ जमिनीत कुजते. मूळ पूर्ण काढायच्या हट्टापायी उतारावर मोठाले खड्डे पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात माती ओढ्याला जाते.

वेळही महत्त्वाची. वळवाचे एकदोन पाऊस होऊन मुरूम जरा नरम पडला की मोठ्या जाळ्या काढाव्यात. मृगाच्या आधी हे उरकले तर मोकळ्या जागेत लगेच गवत पेरता येते. ऑक्टोबरनंतर जाळ्या काळ्या फळांनी लगडलेल्या असतात. त्या वेळी हलवलेली प्रत्येक जाळी बी सांडते.

बुलबुल आणि साळुंक्या ती फळे खाऊन ज्या झाडावर किंवा तारेवर बसतात, त्याच्याखाली रोपांचा गालिचा उगवतो. म्हणून जाळ्या काढल्यावर ऑगस्टमध्ये एक फेरी आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी. सगळा डोंगर पालथा घालायला नको. एकट्या उभ्या झाडांखालची जागा, विजेच्या तारांखालचा पट्टा आणि ओढ्याच्या कडा एवढे पाहिले तरी बहुतेक रोपे सापडतात. जमीन ओली असताना बोटभर रोप हाताने सहज निघते. पुढच्या वर्षी त्याच रोपाला कुदळ लागते. अशा फेऱ्या किमान तीन पावसाळे व्हायला हव्यात, कारण मातीतले बी एकदम उगवत नाही. आमच्याकडे नेमके हेच राहते. पहिल्या दिवशी शंभर माणसे असतात, ऑगस्टात दोनही नसतात.

एकाच वर्षी सगळे उघडे करायचा मोहही टाळावा. घाणेरी परकी असली तरी आज ससे, मोर आणि तितर तिच्याच आडोशाला आहेत. उताराला आडवे, दहा-पंधरा मीटर रुंदीचे पट्टे एकाआड एक काढावेत, त्यात गवत धरले की पुढचे. जाळी हलवण्याआधी आत घरटे आहे का ते बघावे.

रिकामी जागा मात्र ठेवू नये. शेडा, पवना, मारवेल, डोंगरी ही आपल्या माळरानाची गवते. त्यांचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चांगल्या राखलेल्या कुरणातून गोळा करून पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरड्या पोत्यात ठेवावे. ताजे बी झोपलेले असते, लगेच पेरले तर उगवण फसते आणि लोक म्हणतात बी खराब होते. हेक्टरी पाच-सहा किलो पुरते. बी हलके व कुसळाचे असल्याने शेण-मातीत कालवून गोळ्या केल्या तर वाऱ्याने एका कोपऱ्यात जात नाही. माती थोडी खोल असेल तिथे करवंद, धायटी, मुरुडशेंग, गेळा, हेकळ यांची रोपे लावावीत. पहिले दोन पावसाळे तिथे गुरे सोडू नयेत. राखणदारीशिवाय पेरलेले गवत म्हणजे गुरांना वाढलेले पान.

आता बाकीच्या परक्या वनस्पतींबद्दल थोडक्यात. गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्यात नोंदले गेले, आज ते प्रत्येक रस्त्याच्या कडेला आहे. रस्त्याच्या भरावाचा मुरूम आणि शेणखताच्या ट्रॉल्या ही त्याची वाहने आहेत. पाने जमिनीला चिकटून चक्राकार पसरलेली असतात तेव्हाच, पांढरी फुले यायच्या आत, ते मुळासकट उपटावे. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुले येतात, म्हणजे जुलैमध्ये हयगय झाली की संधी गेली. वरून कापले तर फुटवे येतात आणि ते आणखी बुटक्यावर फुलतात. हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्या. त्याने होणारी त्वचेची खाज वर्षानुवर्षे जात नाही. पाने चाळणीसारखी दिसली तर तिथे मेक्सिकन भुंगा (१९८४ मध्ये भारतात सोडलेला) काम करतो आहे असे समजा आणि तो पट्टा सोडून द्या. मात्र हा भुंगा पावसाळ्यातला गडी आहे. थंडीत तो मातीत झोपतो आणि अवकाळी पावसावर उगवलेले गाजरगवत बिनधास्त फुलते. मिठाचे पाणी फवारण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. राखीव जागेत तो अजिबात मानू नये, मीठ गवतालाही मारते.

गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) आणि सुबाभूळ तर आपणच सरकारी खर्चाने लावलेली. ती 'झाडे' असल्याने कोणी हात लावत नाही. गिरिपुष्पाच्या शेंगा तडकून बी लांब उडते आणि या झाडांखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. एका झटक्यात तोडण्याऐवजी त्या जागी देशी रोपे आधी लावून, ती कमरेएवढी झाल्यावर सावलीपुरती विरळणी करावी. बुंध्याला आलेले फुटवे वर्षातून तीनदा मोडत राहिले तरच खोड थकते. माण, खटाव, आटपाडी, जत भागातली वेडी बाभूळ वेगळी. तिचे फुटव्यांचे डोळे जमिनीत खोलवर असतात. वीतभर खाली, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पुढे, मूळ तोडले नाही तर ती नक्की फुटते. शेळ्या-मेंढ्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी पसरवतात, म्हणून शेंगा धरायच्या आधी तोडणी. पाटण-कोयनेकडच्या रानमोडीचे बी म्हातारीच्या कापसासारखे उडते. तिथे हिवाळ्यातल्या फुलोऱ्याआधी झुडूप मुळासकट काढणे एवढाच उपाय.

कासच्या जांभ्या सड्यांवर (उघड्या खडकाळ पठारांवर) याहून वेगळी काळजी हवी. तिथे बोटभर मातीत उगवणारी फुले हाच ठेवा आहे. त्यामुळे सड्यावर कुठलेही झाड लावू नये, बीजगोळे टाकू नयेत. रस्त्याकडेला आणि फार्महाऊसच्या कुंपणाला हौसेने पेरलेला पिवळा-केशरी कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा आहे. तो फुलताना सुंदर दिसतो हेच त्याचे दुखणे. फवारणीचा विचार तर करूच नये. कास तलावाचे पाणी सातारकर पितात.

परवानगीबद्दल एक खुलासा. राखीव वनात वनविभागाच्या लेखी संमतीशिवाय झुडूपही काढता येत नाही आणि अभयारण्यात नियम याहून कडक आहेत. गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत अर्ज केला तर वाट सोपी होते. गायरानासाठी ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हव्या असलेल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कामाला लावावे.

आणि शेवटी पैशाचे. या कामाचे मोजमाप आज 'साफ केलेले क्षेत्र' असे होते, म्हणून ठेकेदार जेसीबी आणतो. बिल देताना अधिकाऱ्याने दहा जाळ्या उचलून गाठ पूर्ण वर आली आहे का ते पाहावे. रकमेतले निम्मे पैसे पुढच्या तीन पावसाळ्यांतल्या रोपे उपटण्याच्या फेऱ्यांसाठी अडकवून ठेवावेत आणि ऑगस्टची फेरी झाल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नये. कामाच्या अटी ठरवतानाच या दोन ओळी घातल्या तर निम्मे प्रश्न सुटतील. जिल्हा नियोजन समितीने आणि वनविभागाने यंदाची अंदाजपत्रके करताना याचा विचार करावा.

आपले,
तणनियंत्रणाचे काम करणारे काही वाचक, सातारा