पोपने दिवस गाळले, नववर्ष हलवले नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला लेख वाचला. ‘पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये नवे वर्ष १ जानेवारीला आणले’ हे वाक्य आपल्याकडे कुणीच तपासले नाही का? पोपने गाळले ते दहा दिवस. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. वर्ष कधी सुरू धरायचे, हा प्रश्नच वेगळा. स्कॉटलंडने १६०० पासून १ जानेवारी धरली, पण कालगणना जुनीच, ज्युलियन ठेवली. इंग्लंडात सरकारी वर्ष २५ मार्चला बदले, आणि ते १७५१ पर्यंत. नव्या कायद्याने १७५१ साल ३१ डिसेंबरलाच संपवले, म्हणजे ते अवघे २८२ दिवसांचे झाले. अकरा दिवस गाळले ते पुढच्या सप्टेंबरात.

मी हा कीस उगाच पाडत नाही. कॉलेजात असताना एका निबंध स्पर्धेसाठी मी सुरतेच्या पहिल्या लुटीवर लिहिले होते. ही लूट जानेवारी १६६४ मधली. पण इंग्रजांच्या हिशेबाने १६६४ उजाडायला अजून अडीच महिने होते, म्हणून त्यांच्या त्या वेळच्या कागदांत कुठे १६६३ येते, कुठे १६६३/६४ असे जोडसाल. डिसेंबर १६६३ चे पत्र आधीचे आणि फेब्रुवारी १६६३ चे नंतरचे, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा सगळा घटनाक्रम उलटा होतो. मी १६६४ लिहिले आणि खाली टीप देऊन कारणही सांगितले. परीक्षकांनी सालावर लाल रेघ मारून शेरा दिला, ‘मूळ कागद नीट वाचा.’ तीन आठवडे ग्रंथालयात बसून मी तेच तर केले होते! भेटायला गेलो तेव्हा ‘निकाल लागला’ एवढेच ऐकवून मला परत पाठवले. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. लाल रेघेखालचे १६६४ आजही बरोबर आहे.

आपला लेख वाचून उद्या एखादा परीक्षक असाच शेरा मारील, म्हणून लिहितो आहे. चूक दुरुस्त करावी, आणि ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात, भिंग लावून वाचावी लागेल अशा अक्षरांत नको. मागच्या दोन भूलदुरुस्त्या मला शोधूनच काढाव्या लागल्या. लेख ज्या पानावर छापलात, त्याच पानावर दुरुस्ती यावी.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक