सच्या, वेर्ण्याला यायच्या आधी हे वाच

प्रिय सच्या,

तुझा तो एवढा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. ऑफर लेटरचं अभिनंदन फोनवर झालंच आहे, पण शेवटी तू जे म्हणालास ना, "गोवा म्हणजे काय रे, आपलंच की, भाषा पण कळते, सेट व्हायला कितीसा वेळ लागतोय", त्याचं उत्तर बोलून देण्यासारखं नाही म्हणून टाईप करत बसलोय. आज वीकली ऑफ आहे आणि बाहेर धो धो लागलाय त्यामुळे लांबणार, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे तुझ्या डोक्यातला तो कॉलेजच्या ट्रिपचा कळंगुटवाला गोवा बाजूला ठेव. वेर्णा म्हणजे हायवेला लागून एक पठार आहे, त्यावर इंडस्ट्रियल इस्टेट, फार्माचे प्लांट ओळीने, गेट, कँटीन, टँकर, म्हणजे आपली शिरोली एमआयडीसीच, फक्त आजूबाजूला हिरवं जास्त आणि पाऊस आडवा येतो. समुद्र जवळ आहे हे खरं पण फर्स्ट शिफ्ट करून आलास की तुला समुद्र नको असतो, झोप पाहिजे असते. मी बीचवर जातो ते फक्त कोल्हापूरची पाहुणेमंडळी आली की.

आता खोलीचं. एचआरला जॉईन व्हायच्या आधी एकच गोष्ट नीट विचारून घे, कंपनीची बस कुठून कुठून सुटते आणि नाईटला पण सोडते का. बाकी सगळं त्यावर ठरतं. मडगाव, फातोर्डा सगळ्यात सोयीचं, बाजार जवळ, स्टेशन जवळ, बस पण बहुतेक कंपन्यांची असतेच. वास्को पण चालेल. फोंडा तुला मनापासून आवडेल, देवळं, नाटकं, मराठी कानावर पडतं, पण तिथून बोरीच्या पुलावरून फिरून यायचं नाहीतर मडकईहून फेरीबोटीने कुठ्ठाळीला उतरायचं, सकाळच्या शिफ्टला मजा वाटते, गाडी बोटीत टाकायची आणि नदी बघत उभं राहायचं, पण रात्री-बेरात्री फेरीच्या भरवशावर राहून चालत नाही. किनाऱ्याकडच्या गावात स्वस्तात फ्लॅट मिळतोय असं कोणी ब्रोकर जूनमध्ये सांगायला लागला तर सावध राहा, ते पावसाळ्यापुरतं असतं, ऑक्टोबर उजाडला की मालकाला पर्यटक आठवतो आणि तुझं भाडं सीझनचं होतं नाहीतर तू बाहेर. म्हणून अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट कागदावर, आणि भाडेकरूची पोलीस स्टेशनला नोंद करायची असते तो फॉर्म मालकाकडून भरून घे, इथे त्याबाबतीत आता कडक झालेत. ब्रोकर एक महिन्याचं भाडं मागतो, घासाघीस कर, आपल्याला लाज कसली.

आणि खोली पावसात बघ. हे मी तुला दोनदा सांगेन. मार्चमध्ये कौलारू घर बघितलंस, मोठी बाल्कांव म्हणजे दारापुढची बसायची ओटी, समोर माड, वहिनी म्हणतील हेच घ्यायचं, पण गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे कोल्हापूर शहराच्या जवळपास तिप्पट, आणि तो मुख्यतः चार महिन्यांत. भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर रंग फुगलाय का बघ, कपाट मागे सरकवून वास घेऊन बघ, तळमजला शक्यतो नकोच. लग्नातला कोट, चामड्याचा बेल्ट, बूट, सर्टिफिकेटांची फाईल, सगळ्याला हिरवी बुरशी येते. सर्टिफिकेटं तर गावाकडेच ठेव, इथे स्कॅन घेऊन ये. कपडे वाळत नाहीत म्हणून अंडरवेअर जास्तीच्या आण, हसू नको, जुलैत माझी आठवण काढशील. लाईट पण जाते पावसात, झाड पडलं की गेली, इथे वीज सरकारी खात्याचीच आहे, फोन उचलतात पण झाड उचलायला वेळ लागतो.

गाडीशिवाय इथे हातपाय तोडल्यासारखं होतं. ओला उबर नाहीत, टॅक्सीवाल्यांचा विरोध आहे, गोवा माईल्स नावाचं अ‍ॅप २०१८ पासून चालू आहे पण रोजच्या खिशाला ते परवडायचं नाही. दिवसा बसचं बरं आहे, पणजी-मडगाव, पणजी-वास्को कदंबाची, म्हणजे इथल्या सरकारी एसटीची, शटल असते, खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, मध्ये कुठे थांबत नाही, शिस्त बघून तुला आश्चर्य वाटेल. पण खासगी बस अंधार पडला की कमी कमी होत जातात आणि साडेआठ-नऊनंतर तू आणि रस्त्यावरची कुत्री. मग पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, पिवळ्या-काळ्या गाडीवाला, भाडं आधी ठरवून मागे बसायचं. तुझी युनिकॉर्न घेऊन ये. मात्र एमएच ०९ बघून चौकात हात होणारच, हेल्मेट, पीयूसी, इन्शुरन्स सगळं जवळ ठेव, आणि वर्षाच्या वर इथे गाडी ठेवायची तर कायद्याने जीए नंबर करून घ्यावा लागतो, त्यासाठी आरटीओची एनओसी कोल्हापूरहूनच काढून आणलीस तर एक हेलपाटा वाचेल. जुवारीचा नवीन पूल डिसेंबर २०२२ ला चालू झाला म्हणून बरं, त्याआधी कुठ्ठाळीच्या ट्रॅफिकचे किस्से प्लांटमधले जुने लोक अजून सांगतात.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. भाषा येते हा तुझा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि त्याच्याच जोरावर तू इथे लोकांना दुखवशील असं मला वाटतं, कारण तुझं तोंड मला माहितेय.

बघ, तू मराठीत बोललास की समोरचा सहज मराठीत उत्तर देतो. सकाळी पेपर मराठी, गोमन्तक म्हण, तरुण भारत म्हण, नवप्रभा म्हण. देवळात आरत्या मराठी, श्रावणात वास्कोला दामोदराचा भजनी सप्ताह असतो तिथे अभंग ऐकशील तर वाटेल पंढरपुरात आलो की काय. गावोगावच्या जत्रेत मराठी नाटक असतं आणि त्यात गावचीच पोरं काम करतात. सरकारी प्राथमिक शाळा पण बहुतेक मराठी माध्यमाच्या, चिऊच्या शाळेचं बघताना हे लक्षात ठेव. एवढं सगळं बघून कोल्हापूरचा माणूस काय म्हणतो, "मग हे महाराष्ट्रातच का नाही?" नेमकं हेच बोलायचं नाही. १६ जानेवारी १९६७ ला इथे जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर, आणि १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी लोकांनी वेगळं राहायचं ठरवलं. म्हणजे एकतर्फी नव्हतं हे, घराघरात दोन मतं होती, आणि आजही कँटीनच्या एकाच टेबलावर दोन्ही बाजूंची नातवंडं डबा खात असतात. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीचा वापर पण ठेवला, त्यावरूनही अजून वाद निघतो, पेपरात पत्रं येतात. त्यामुळे "कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली की" असलं तू चुकून पण बोलू नको. जो ऐकेल तो भांडणार नाही, गोव्याची माणसं अशी तोंडावर भांडत नाहीत, फक्त पुढच्या वेळी जेवायला बोलावणार नाहीत.

सासष्टीत, म्हणजे मडगावच्या आजूबाजूला, ख्रिश्चन वस्ती जास्त, तिथे मराठीचा फार उपयोग नाही, त्यांची कोंकणी रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, चालते, तिथे हिंदी-इंग्लिश किंवा मोडकीतोडकी कोंकणी. मोडकी बोललास तरी माणूस खुश होतो. दुकानात शिरताना "कितें खबर", निघताना "देव बरें करूं", पुरुषाला नावापुढे बाब, बाईला बाय, एवढ्यावर माझे पहिले दिवस निघाले. कळायला लागेल पटकन, बोलायला वेळ लागतो, आपली जीभ मराठीकडे घसरते.

कधीतरी कोणी तुला घाटी म्हणेल, म्हणजे घाटावरून आलेला बाहेरचा, हिणवून. मनाला लावून घेऊ नको पण हसून पण सोडू नको, त्याच्यामागे काय आहे ते समजून घे. इथल्या पोरांचं म्हणणं असं की प्लांट आमच्या जमिनीवर आणि नोकऱ्या बाहेरच्यांना. २०२४ च्या मे महिन्यात गोव्यातल्या प्लांटसाठी मुलाखती महाराष्ट्रात ठेवल्या म्हणून केवढा गदारोळ झाला होता. त्यांचं सगळंच चूक नाही सच्या. १४-१५ लाख वस्तीचं राज्य, त्यात दिल्ली-मुंबईवाले घरं घेऊन बसलेत, भाडं तर इथल्याच माणसाला परवडेना. तू सिनियर पोस्टवर येतोयस, हाताखाली इथलीच पोरं असणार. शिफ्टमध्ये ओरडून काम काढायची आपल्याकडची जी पद्धत आहे ती इथे चालत नाही, ओरडलास की पोरगा शांतपणे दोन दिवस सुट्टी टाकतो. नीट बोललास तर तोच पोरगा तुझ्यासाठी डबल शिफ्ट करेल.

आणि चवथीला, म्हणजे गणपतीला, सुट्टी मागू नको. त्या दिवसांत अर्धा प्लांट रिकामा होतो, प्रत्येकाला आपल्या मूळ घरी जायचं असतं, माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानांची आरास, बांधायची असते. तू थांब, आणि बदल्यात दिवाळी माग, ती मिळते. फक्त दिवाळीच्या आदल्या रात्री प्रवास करू नको, रात्रभर नरकासुराचे मोठाले पुतळे रस्त्यावर असतात, डीजे लावून, गाडी हलत नाही. एक वर्ष मुद्दाम थांबून बघ पण, चिऊला लय आवडेल.

जेवणाचं तुझं काय होणार हीच मला काळजी. मटण विसर, मिळतं पण तांबडा-पांढऱ्याच्या माणसाचं समाधान होत नाही. मासे शिक. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा बर्फातलं नाहीतर खाडीतलं, भाव डोळे पांढरे करणारा. सोमवारी बरेच हिंदू लोक मासे खात नाहीत, डबा उघडताना थोडं बघून उघड. भात उकड्या तांदळाचा, जाड, पहिल्यांदा नको वाटतो, मग पचायला तोच बरा वाटतो. पावभाजी मागितलीस की आपली लोण्यात परतलेली येत नाही, वाटाण्याची किंवा बटाट्याची पातळ भाजी आणि पाव, सोबत मिरचीभजी, सकाळचा नाष्टा हाच. पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत सकाळ-संध्याकाळ येतो, त्याच्याकडून पोय, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, घे, गरम असताना नुसती खा. भाकरीची तल्लफ आलीच तर वास्कोला कर्नाटकातली मंडळी भरपूर, तिकडे ज्वारीची भाकरी मिळते. दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद, रविवारी पण बरीचशी बंद, त्यामुळे ऑफच्या दिवशी बारा वाजता उठून बाजाराला जाईन म्हणशील तर शटर बघून येशील.

आता पाहुणे. तुझं लोकेशन बदललं रे बदललं की शाळेतले, कॉलेजमधले, मेव्हण्याचे मित्र, सगळ्यांना तुझी आठवण येणार, "रूम आहे ना तुझी?" डिसेंबरमध्ये तर विचारूच नको. पहिल्याच महिन्यात नियम लावून टाक, नाहीतर नाईट करून येशील आणि गादीवर चौघं पसरलेले असतील. आणि "येताना दोन बाटल्या आण" म्हणणाऱ्यांना सरळ नाही म्हण. परमिट नसताना गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे, इन्सुली नाक्यावर एक्साईजवाले डिकी उघडून बघतात, ज्यांनी मागवली ते सोडवायला येत नाहीत. इथे स्वस्त मिळते म्हणून तू स्वतः किती घेतोस ते पण बघ रे, एकटा माणूस, पाऊस, रात्री नऊला सगळं बंद, हातात पगार, दोन-चार चांगली पोरं मी अशी वाया जाताना बघितलीत. रवींद्र भवनला नाटक लागतं, फातोर्ड्याला फुटबॉल असतो, पणजीला सेंट्रल लायब्ररी आहे जी १८३२ पासून चालू आहे आणि मराठी पुस्तकं पण भरपूर, कुठेतरी स्वतःला गुंतव.

दवाखान्याचं, थोडक्यात. बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज, मोठं आहे, चांगलं आहे, पण बाहेरच्या राज्यातल्या पेशंटला २०१८ पासून तिथे पैसे लागतात, आणि सरकारची जी दीनदयाळ स्वास्थ्य योजना आहे ती गोव्यात पाच वर्षं राहिलेल्यालाच. म्हणून कंपनीचा मेडिक्लेम वहिनी आणि चिऊला धरून आहे का, आई-बाबांना घालता येतं का, हे सही करायच्या आधी विचार.

माझं मत विचारशील तर आधी एकटा ये. दोन-तीन महिने माझ्याकडे पड, भाडं अर्धं दे, पावसात खोल्या बघू, मग वहिनींना दाखव, त्यांनी हो म्हटलं तरच चिऊची शाळा. इथे राहायला वहिनी कंटाळल्या तर तू पण टिकणार नाहीस, मी तुला ओळखतो.

आंबोलीमार्गे ये, आजरा-आंबोली-सावंतवाडी-बांदा, जुलैत घाटात धुकं असतं, सकाळी लवकर निघ म्हणजे दुपारी पोचशील. मडगावात पिंपळकट्ट्यापाशी आलास की फोन कर, मी घ्यायला येतो.

तुझा,
पप्या

ता.क. काकूंना सांगून दोन किलो कांदा-लसूण चटणी आण, एक तुझी एक माझी. आणि बरणी काचेची, घट्ट झाकणाची, डब्यात आणलीस तर महिन्याभरात तिला पण बुरशी.