पाणी उतरलेल्या मण्याचा रंग

नाशिक

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो आईने मोठा करकरून पाहिला. टाके भरायच्या जाळीदार कॅनव्हासवर रंगवलेला द्राक्षाचा घड झकास आहे. घरमालकीणबाईंच्या नाताळच्या झाडाला आपल्याकडची द्राक्षं लटकणार, हे ऐकून मामा तर फोनवरच हसत सुटला. पण शेजारी मांडलेल्या हिरव्या दोऱ्याच्या 11 लड्या? एवढ्या कशाला रे? मला सुई कधी धरता आली नाही. तरी रविवार कारंज्याजवळ 32 वर्षं मॅचिंग सेंटर चालवलं, तेव्हा रंगापुरता माझा शब्द ऐक. टाक्यांचं जे लिहितोय ते आईला विचारून.

आधी हिशोब कर. तुझ्या कॅनव्हासला इंचाला 18 घरं आणि गोल 4 इंच व्यासाचा, म्हणजे 4,000 च्या आसपास टाके. ऐकायला पुष्कळ. पण एकेक मणी जेमतेम सात-आठ टाके रुंद आहे. त्यात पाच-सहा हिरवे कोंबलेस तर मणी जाऊन चट्टेपट्टे उरतील. मण्याला तीन छटा बास. त्याही शेड कार्डावर शेजारी-शेजारी असलेल्या घेऊ नकोस, मधली एक सोडून घे. लागोपाठच्या छटा हातात वेगळ्या वाटतात, टाक्यात उतरल्या की एकच होतात.

कोणत्या तीन? पिंपळगावला मामाच्या बागेत तू लहानपणी आंबट मणी तोडून शिव्या खायचास, ते आठव. पाणी उतरायच्या, म्हणजे पिकू लागायच्या, आधीचा मणी कडक आणि पोपटी असतो. पाणी उतरलं की मऊ पडतो, पिवळसर होतो, आत दिवा लावल्यासारखा. तुला तो दुसरा हवाय. म्हणून मुख्य दोरा पिवळ्याकडे झुकणारा हिरवा घे, सावलीला शेवाळी आणि चमकेला मोतिया. पांढराशुभ्र नको. मण्यावर पांढुरकी साय असते ना, बोट लागलं की पुसली जाणारी, तिच्यामुळे खरी चमकसुद्धा मंदच दिसते. पांढरा घातलास तर प्रत्येक मणी डोळे वटारून बघेल.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. दुकान नवं होतं तेव्हा एका बाईंना मोरपंखी साडीवर अस्तर दिलं, संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या आणि दारात उभं राहून दोन्ही कापडं उन्हात धरली. साडी हिरवी, अस्तर निळं. चूक माझीच होती, पैसे परत दिले. तेव्हापासून गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कापड ओट्यावर नेऊन उजेडात दाखवल्याशिवाय मी कात्री लावली नाही. तू तो नियम पाळशीलच, पण तुझ्या बाबतीत तो अर्धाच लागू आहे. तुझा घड उन्हात कोण बघणार? तो रात्री, झाडावरच्या पिवळ्या दिव्यांत बघितला जाणार. पिवळ्या उजेडात फिकट पिवळा आणि मोतिया एकमेकांत मिसळतात आणि गडद जांभळा काळपट पडतो. तेव्हा दोरे दुपारी खिडकीत ठरव आणि रात्री पिवळा दिवा लावून पुन्हा बघ. दोन्हीकडे टिकतील तेच घे. शिवाय लडी बघून निवडू नकोस. लडीत गर्द दिसणारा दोरा सुटा काढला की फिका पडतो. कॅनव्हासच्या मोकळ्या कडेला पाच-सहा टाके घालून बघ, कड नंतर आत दुमडलीच जाणार आहे.

आईचं म्हणणं, जिथे रंग कमी तिथे पोत बदलावा. मण्यांना रेशीम किंवा पर्ल कॉटन (पिळाचा चमकदार सुती दोरा), म्हणजे ते चमकतील. पानांना साधी एकपदरी लोकर, म्हणजे ती मागे राहतील. हिरव्यावर हिरवं असूनही घड सुटा दिसेल. (पर्लचा आकडा वाढला की दोरा बारीक होतो, 5 नंबर जाड, 8 त्याहून बारीक. मी हे उलटंच समजत होतो.) जरीचा दोरा फक्त वेलीच्या कुरळ्या तंतूंना लाव. पैठणीच्या पदरात जर जमीनभर असते ते ठीक, पण ते येवल्याच्या मागावर. सुईत जर उसवते आणि जीव खाते. दोरा कोणताही असो, एका वेळी हातभरच घे, लांब घेतलास तर घरांत घासून त्याला लव सुटते.

पार्श्वभूमीला तू लिहिलेला क्रीम मला पटत नाही. वांगी रंग घे, मात्र काळपट नको, लालसर. फिकट मणी त्यावर उठतील. मणी आधी भर, वांगी मागाहून. आणि गडद दोरा मण्यांच्या मागून ओढत नेऊ नकोस, फिकट टाक्यांतून त्याची सावली दिसते. वांगीच्या सगळ्या लड्या एकदमच घे. आईच्या ‘सुस्वागतम्’ची लोकर मधेच संपली होती. नंतर त्याच नंबरची आणली तरी वेगळ्या घाणीची, म्हणजे रंगवण्याच्या वेगळ्या खेपेची, निघाली. पोपटाच्या पायाशी तो पट्टा अजून दिसतो. पाहुण्यांना ती सांगते, तिथे गवत आहे.

मेन रोडवरून शेवाळी आणि वांगीच्या लड्या आणल्या आहेत, सोमवारी कुरिअर करतो. डब्यात बेदाणे आहेत, त्यांच्या रंगावरून दोरा निवडू नकोस. पहिला मणी भरून झाला की फोटो पाठव, दिवा लावून काढलेला.

तुझे,
बाबा