अंदमानला तुम्ही दोघांनी जायचंच

टिळकवाडी, बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

अंदमानहून सुखरूप परतलो. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला हे तुटक तुटक सांगायचं नाही, म्हणून पत्रच लिहिते. मुद्द्याचं आधी: येत्या जानेवारीत तुम्ही दोघांनी जायचंच. गुडघे, खर्च, 'आता या वयात कुठं' हे सगळं धरून मी विचार केला आहे.

बाबा, हिंडलग्याच्या जेलवरून गाडी गेली की १९५० साली सावरकरांना इथं ठेवलं होतं, हे तुम्ही आम्हाला दर वेळी सांगायचात. अंदमानच्या सेल्युलर जेलमधली त्यांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. झरोका जवळजवळ तीन मीटर उंचावर. मी दाराची कडी मुद्दाम निरखून पाहिली. ती बाहेर भिंतीतल्या खोल कोनाड्यात जाऊन बसते, गजांतून कितीही हात घातला तरी पोचत नाही. १९०६ साली तुरुंग पुरा झाला तेव्हा सात इमारती होत्या, आता तीनच उरल्यात. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडं, म्हणजे समोरचा कैदी कधी दिसूच नये. सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते, हे तिथं उभं राहून आठवलं आणि मला पुढं बोलवेना. संगमरवरी पाट्यांवरची नावंही सावकाश वाचा. बंगाल आणि पंजाबची किती पोरं होती ती! जिने आहेत, पण मजल्यागणिक थांबत गेलात तर जमेल.

मला मात्र सगळ्यात जास्त लागलं ते रॉस बेट. २०१८ पासून त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. बोटीनं थोडक्यात पोचतो. १८५८ मध्ये सत्तावनच्या बंडातले कैदी आणले, त्यांच्याकडूनच इथलं जंगल तोडून घेतलं आणि त्या जागी साहेबांचं चर्च, बेकरी, नाचघर, पोहण्याचा तलाव उभा राहिला. १९४१ च्या भूकंपानं पडझड झाली, पुढच्याच वर्षी जपानी आले. आता चर्चला छप्पर नाही. वडाच्या जातीच्या झाडांनी भिंती अशा आवळल्यात की वीट कुठं संपते आणि मूळ कुठं सुरू होतं ते हात लावून बघावं लागतं. त्यातूनच हरणं निवांत फिरतात. तरण्याताठ्या माणसांनी बेड्यांसकट ही जमीन मोकळी केली, हे ठाऊक असताना नुसते फोटो काढत सुटणं मला जमलं नाही. चढ आहे, पण बॅटरीची गाडी मिळते. बाबांनी चालायचा हट्ट करू नये.

आता आईसाठी. हॅवलॉकचा, म्हणजे स्वराज द्वीपचा, राधानगर बीच. २००४ मध्ये टाइम मासिकानं आशियातला सर्वांत उत्तम किनारा म्हटलं होतं, तेव्हापासून गर्दी वाढली म्हणतात. पण किनारा इतका लांबरुंद की गर्दी जाणवत नाही. वाळू पांढरी, पिठासारखी मऊ. उंच झाडांची रांग थेट वाळूपर्यंत आलेली, त्यामुळं तू दिवसभर सावलीत बसू शकशील. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना इथं वसवलं, म्हणून गावांची नावं राधानगर, गोविंदनगर, श्यामनगर अशी. तुला परकं वाटणारच नाही. शाकाहारी थाळीही मिळते. पाण्यात मात्र जीवरक्षक सांगतील तिथंच उतरायचं, मगरीच्या पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. शिंपले, प्रवाळ उचलायचे नाहीत, बंदी आहे. नातवानं वेचलेले सगळे परत ठेवायला लावले.

एक गोष्ट लक्षात ठेवा: बेटं आपल्यापेक्षा बरीच पूर्वेला, घड्याळ मात्र तेच. हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. म्हणून राधानगरला दुपारी तीनलाच निघायचं, जेवण लवकर उरकायचं.

सांबऱ्याच्या विमानतळावरून बंगळूर, तिथून विमान बदलून पोर्ट ब्लेअर, ज्याला आता श्री विजयपुरम म्हणतात. निपाणीहून तुम्हाला न्यायला मी येते. रॉस आणि तुरुंग एकाच दिवशी नको, बाबा थकतील. हॅवलॉकला दोन रात्री पुरेत.

बाबा, रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि दोघांची आधार कार्डं काढून ठेवा. आई, संक्रांतीआधी की नंतर, तेवढं उलट टपाली कळव, म्हणजे मी तिकिटं काढते.

तुमची,
लेक