विडीला ३० सेकंद, बेपत्ता माणसाला चार

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी रात्री जेवणं आटोपल्यावर मुलाने टीव्हीवर एका ओटीटीवरची (इंटरनेटवरून मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या सेवेवरची) मालिका लावली. परदेशातल्या एका बेपत्ता मुलीची खरी गोष्ट, हिंदीत डब केलेली. माझी मामी शेजारी मेथी निवडत बसली होती. सुरुवातीला कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं आली: वयोगट, हिंसा, शिवीगाळ, धूम्रपान. चारेक सेकंदांत गेलीही. दुसऱ्या भागात नदीकाठी पडलेली चप्पल दाखवली. तीही खरी नव्हे, प्रसंग उभा करायला आणून ठेवलेली. मामीचा हात काडीवरच थांबला. ‘‘बंद कर रे ते,’’ एवढंच म्हणाली.

मामा घरातून गेले त्याला अकरा वर्षं झाली. ‘मिसिंग’ दाखल केली, फोटो वाटले. गोदेत अनोळखी मृतदेह मिळाला की ओळख पटवायला बोलावणं यायचं. दोनदा मामी स्वतः गेली. सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर कायदा माणसाला मृत धरतो. मामी धरत नाही. अख्ख्या देशातून लोक रामकुंडावर पिंडदानाला येतात. आमचं घर तिथून दहा मिनिटांवर, पण मामांचं श्राद्ध आजवर घातलेलं नाही.

केंद्राच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ओटीटीवाल्यांनी वयोगट आणि आशयाची सूचना सुरुवातीलाच ठळक दाखवावी असं आहे. तंबाखूचं तर त्याहून कडक. सप्टेंबर २०२३ पासून तंबाखूचं दृश्य असलेल्या कार्यक्रमात सुरुवातीला आणि मध्ये किमान ३०-३० सेकंदांचा संदेश, शिवाय दृश्य चालू असताना खाली इशारा. पडद्यावर कोणी विडी ओढली तर एवढा बंदोबस्त! असावाच, तक्रार नाही. पण मामीला विडीचा त्रास होत नाही.

सूचना मराठीत हवी, वाचून दाखवलेली हवी (मामीला ती अक्षरं चष्म्यानेही दिसत नाहीत) आणि नेमकी हवी. ‘या भागात मृतदेहाची ओळख पटवण्याचा प्रसंग आहे.’ ‘यातल्या व्यक्तीचा शेवटपर्यंत शोध लागत नाही.’ मुलगा म्हणाला, ‘‘शेवट आधीच सांगितला तर बघायचं काय?’’ त्याच्यावर रागावले नाही. त्याला मामा नीटसे आठवतही नाहीत. ज्याला उत्कंठा हवी त्याने सूचना ओलांडून पुढे जावं, तेवढं बटण देता येतं.

दुसऱ्या दिवशी मेथीला फोडणी देताना मामीने विचारलं, ‘‘ती पोरगी सापडली का गं?’’ मला ठाऊक नव्हतं. रात्री सगळे झोपल्यावर उरलेले भाग बघितले. नाही सापडली. मामीला अजून सांगितलेलं नाही.

त्या ओटीटीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला हे सगळं लिहून पाठवलं आहे. १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. आज सहावा दिवस.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक