तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना, घड्याळाच्या बगबद्दल

काका, तुम्ही म्हणालात "आभार कसले मानतोस, चहा पाज". चहा पाजून झाला, पण तेवढ्याने माझं भागत नाहीये म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये आमचे सहा टेंपरेचर लॉगर, म्हणजे वेळेसकट तापमान नोंदवणारे डबे, बसवलेत. आत डीएस१३०७ ही घड्याळाची चिप आणि छोटा मायक्रोकंट्रोलर, लिनक्ससारखी तयार ऑपरेटिंग सिस्टिम वगैरे काही नाही, त्यामुळे ड्रायव्हर, म्हणजे चिपकडून वेळ वाचणारा कोड, मीच लिहिलेला. आणि महिना-दीड महिन्यातून एकदा कुठल्यातरी लॉगरची एखादीच नोंद बरोब्बर एक तास पुढची यायची, पुढच्या सेकंदाला परत सगळं जागेवर. क्लायंट म्हणे तुमचं घड्याळ नाचतंय. ऑफिसात सगळ्यांचं एकच, सेल बदल. सीआर२०३२ सेल बदलले, मग घड्याळाला ठोका देणारे ३२.७६८ किलोहर्ट्झचे क्रिस्टल बदलले, महापे ते तुर्भे रिक्षाला किती गेले ते विचारूच नका.

"क्रिस्टल खराब असेल तर घड्याळ हळूहळू मागेपुढे होईल, तासभर उडी मारून परत कसं येईल रे?" हे तुम्ही विचारलंत, गणपतीच्या मंडपात लायटिंगच्या माळांचा गुंता सोडवता सोडवता. मी मोबाइलवर लॉग दाखवला, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन नाकाला लावली आणि म्हणालात, "अरे, ह्या चुकलेल्या वेळा सगळ्या ५९ मिनिटं ५९ सेकंदांच्याच आहेत की." तीन आठवडे मी तेच आकडे बघत होतो!

मग वर्गणीच्या पावतीमागे तुम्ही मांडून दाखवलंत. १०:५९:५९ ला सेकंद वाचला, ५९. मिनिट वाचलं, ५९. तेवढ्यात घड्याळ पुढे सरकलं आणि तास वाचला तर ११. झाले ११:५९:५९! माझा लूप एकेक रजिस्टर (सेकंद, मिनिट, तास यांचे चिपमधले कप्पे) वेगळं वाचत होता, आणि आयटूसीवर, म्हणजे चिपशी बोलायच्या तारांवर, नवीन स्टार्ट (वाचन सुरू करायची खूण) आला की ही चिप तेव्हाची वेळ वाचायच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, नव्याने उतरवते, म्हणजे माझ्या एका वेळेत दोन क्षण मिसळत होते. चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, सरळ लिहिलंय, मी रजिस्टरचा तक्ता बघून फाइल बंद केलेली. सेकंदापासून वर्षापर्यंतचे सातही बाइट एकाच दमात वाचायचे, बस. बदल जेमतेम पाच ओळींचा.

त्याच रात्री जुन्या कोडवर घड्याळ १०:५९:५८ ला लावून सटासट वाचत बसलो, सातव्या खेपेला ११:५९:५९ हजर. नवीन कोडवर पहाटेपर्यंत एकदाही नाही. जुने लॉग चाळले तर एकेक मिनिट पुढच्या नोंदी तर ढिगाने निघाल्या, माल थंड होता म्हणून कुणाचं लक्षच गेलं नव्हतं (हे क्लायंटला अजून सांगायचंय, तेव्हा सोबत याल का?).

आणि ती पावती माझ्याकडेच आहे, परत देणार नाही. खजिनदारांना तुम्हीच काय ते सांगा.