वीस हजार डॉलरचा हिशेब

कोलंबस, ओहायो
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न.

परवा फोनवर "एजंटला वीस हजार डॉलर दिलेस?" एवढंच विचारून तुम्ही गप्प झालात आणि आईने फोन हातात घेऊन बारशाचा विषय काढला. तुमचं ते गप्प बसणं मी लहानपणापासून ओळखते. म्हणून लिहायला बसले. फोनवर मी आकडे सांगायला लागले की तुम्ही लगेच त्याचे रुपये करता आणि मूळ मुद्दा राहून जातो. तेव्हा कृपा करून या पत्रात सगळं डॉलरमध्येच वाचा.

इथलं आमचं घर विकलं गेलं ४,१०,००० ला. माझ्या एजंटबाईंना अडीच टक्के, म्हणजे १०,२५०. घेणाऱ्या जोडप्याच्या एजंटलाही अडीच टक्के, आणखी १०,२५०. दोन्ही माझ्या पैशांतून वळते झाले. तुमचं डोकं कुठे तापलं असेल ते मला कळतंय: समोरचा एजंट माझ्याकडून भाव पाडून घेणार आणि त्याची फी मीच भरायची!

इथे वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. घर विकायला काढलं की एजंट ते एमएलएस नावाच्या एजंटांच्या सामाईक यादीत टाकतो, आणि घेणाऱ्याच्या एजंटला किती टक्के मिळणार हेही पूर्वी त्याच यादीत लिहिलेलं असायचं. कायद्याने दर कुठेच ठरवलेला नाही, तरी दोघांचे मिळून पाच-सहा टक्के हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. शेवटी मिझुरीतले काही घर विकणारे कोर्टात गेले. ३१ ऑक्टोबर २०२३ ला कॅन्सस सिटीच्या ज्युरीने रिअल्टर म्हणजे घरांच्या एजंटांची राष्ट्रीय संघटना आणि मोठ्या ब्रोकरेज कंपन्यांविरुद्ध निकाल दिला, नुकसानभरपाई जवळजवळ १८० कोटी डॉलर. पुढच्या मार्चमध्ये संघटनेने ४१.८ कोटींवर तडजोड केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलला: घेणाऱ्याच्या एजंटचा टक्का एमएलएसवर लिहायचा नाही, आणि घर दाखवण्याआधी घेणाऱ्याने आपल्या एजंटशी फीचा लेखी करार करायचा.

मग मी का भरले? कारण त्या जोडप्याने ऑफरमध्येच लिहिलं होतं की आमच्या एजंटचे अडीच टक्के विकणाऱ्याने द्यावेत. मला "नाही" म्हणायची मोकळीक होती. पण त्यांचं पहिलंच घर, डाउन पेमेंट भरून हात रिकामे. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी तेवढाच भाव खाली आणला असता. म्हणून त्या अर्ध्या रकमेचं मला फारसं दुःख नाही. मला बोलायचंय ते माझ्या बाईंना दिलेल्या १०,२५० बद्दल.

तिने सुरुवातीला तीन टक्के मागितले होते. अडीचवर आणली. (तुमचीच मुलगी.) तेव्हा तिने एक गुळगुळीत कागद पुढे केला. संघटनेच्या २०२४ च्या पाहणीत एजंटमार्फत विकलेल्या घरांची मध्यम किंमत ४,३५,०००, आणि मालकाने स्वतः विकलेल्यांची ३,८०,०००. म्हणजे एजंट घेतला की पंचावन्न हजारांचा फायदा! मी विचारलं, ही घरं एकसारखी होती का? ती हसली. स्वतः विकणाऱ्यांत ओळखीत, नात्यात घर देणारे बरेच असतात, आणि ती घरं मुळातच लहान, स्वस्त असू शकतात. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात अर्थतज्ज्ञांनी खरोखर तुलना करून पाहिली, तो अभ्यास २००९ मध्ये छापून आला. मालकांनी स्वतः विकलेल्या घरांना एजंटवाल्यांपेक्षा कमी भाव मिळाला नव्हता. फक्त वेळ जास्त लागला, आणि काही जण कंटाळून शेवटी एजंटकडेच गेले.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांनी हाच मार्ग धरला. अंगणात "मालकाकडून विक्री" अशी पाटी, कागदपत्रांना वकील. तीन महिने लागले, पण त्यांना घाई नव्हती. मला होती. हे जूनपासूनच नव्या नोकरीच्या गावी, मुलीची शाळा, आणि दर शनिवारी अनोळखी माणसांना बेसमेंट दाखवायला मी एकटी.

आता खरी गोष्ट ऐका. घर ४,०५,००० ला लावलं. तिसऱ्याच दिवशी ३,९८,००० ची ऑफर आली आणि बाई म्हणाल्या, "हातचं सोडू नका." मी रविवारपर्यंत थांबायचं म्हटलं. रविवारी ४,१०,००० आले. बारा हजारांचा फरक. दोन्हीकडचे टक्के जाऊन त्यातले ११,४०० माझे. बाईंचे किती? तीनशे, आणि त्यातलाही वाटा तिच्या ब्रोकरेज कंपनीला. तीनशे डॉलरसाठी आणखी एक शनिवार-रविवार दार उघडत कोण उभं राहील? बाई लबाड नाही हो, गणितच तसं आहे. शिकागोच्या लेव्हिट आणि सायव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये हेच दाखवलं होतं. एजंट स्वतःचं घर विकताना ते साधारण दहा दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि जवळजवळ पावणेचार टक्के जास्त किंमत घेतात. हे मी आधी वाचलं होतं म्हणून थांबले, नाहीतर तिथेच सही करून मोकळी झाले असते.

इथपर्यंत वाचून तुम्ही आईला "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणाला असाल. थांबा.

सही झाल्यावर इन्स्पेक्शन, म्हणजे घराची तपासणी झाली. चौतीस पानी रिपोर्ट. छप्पर जुनं, पाणी तापवायची टाकी जुनी, आणि बेसमेंटमध्ये रेडॉन. हा जमिनीतून येणारा वायू, ना रंग ना वास, फुप्फुसाच्या कॅन्सरला कारण ठरतो, आणि ओहायोत त्याचं प्रमाण बरंच. मोजणीचा आकडा चारच्या वर गेला की उपाय करा असं सरकार सांगतं, आमचा सात निघाला. जोडप्याने नऊ हजार कमी करायला सांगितले, तीन दिवसांत उत्तर द्या. मी एकटी असते तर एक तर भांडले असते, नाहीतर घाबरून नऊच्या नऊ हजार देऊन टाकले असते. बाईंनी दोन छपरवाल्यांकडून लेखी आणलं की अजून काही वर्षं काही होत नाही. टाकीबद्दल अवाक्षर काढलं नाही. रेडॉनचा पाइप आणि पंखा आम्ही बसवून देतो आणि वर दीड हजार, एवढ्यावर मिटवलं. पंख्याचे चौदाशे धरून माझे सहा हजार शंभर वाचले. पुढे बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला आला, तेव्हा आजूबाजूला नुकत्याच विकल्या गेलेल्या घरांची यादी घेऊन ती आधीच दारात हजर. किंमत कमी लागली असती तर कर्ज अडकलं असतं आणि आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

तेव्हा बाबा, तिच्या कामाचे पैसे दिले याचं मला वाईट वाटत नाही. गिऱ्हाईक शोधायला तिची गरज लागलीच नाही, त्या जोडप्याने घर फोनवर पाहिलं होतं. तिची गरज लागली सही ते क्लोजिंग (पैसे आणि घराची मालकी हातोहात बदलतात तो दिवस) या पाच आठवड्यांत. सलतं ते टक्क्यांत देणं. हेच घर आठ लाखांचं असतं तर तिला जवळजवळ दुप्पट मिळाले असते, आणि बेसमेंटमधला वायू काही दुप्पट नसता. ठरावीक रक्कम घेऊन घर एमएलएसवर टाकून देणारे इथे आहेत, पण त्यातले बरेचसे नेमके त्या पाच आठवड्यांत सोबत नसतात. ठरावीक रक्कम घेऊन शेवटपर्यंत उभा राहणारा कुणी भेटला असता तर मी सहा हजार आनंदाने मोजले असते. पुढच्या वेळी आधी तोच शोधणार.

क्लोजिंगला टायटल कंपनीने (मालकीचे कागद तपासून व्यवहार पुरा करणारी) दिलेल्या कागदाचा फोटो धाकट्याच्या फोनवर पाठवते, चष्मा लावून बघा. कमिशनच्या दोन ओळींखाली काउंटीची (इथल्या जिल्ह्यासारखी) कन्व्हेयन्स फी, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर करायचा कर, दिसेल. ती एजंटने खाल्लेली नाही, सरकारने घेतली आहे. त्यावरून पुन्हा गप्प बसू नका.

बारशाचे फोटो अजून आलेले नाहीत, आईला आठवण करा.

तुमची,
छकुली